झोन दिसला, आता पुढे

प्रिय मुली,

तुझ्या प्लेटचा फोटो पाहिला. मिथिलीन ब्लू घातलेल्या निळसर अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) कँडिडा ग्लाब्राटा या रोगकारक यीस्टचा थर, मधोमध तुझ्या विष सोडणाऱ्या यीस्टचा ठिपका, भोवती मोकळं कडं, म्हणजेच झोन, आणि काठाला मेलेल्या पेशींची गर्द निळी रेघ. सुरेख! पण पोस्टरवरचं ‘नवं औषध’ आधी खोड. ब्रेड-वाइनच्या यीस्टमधला हा विषप्रयोग १९६३ मध्ये बेव्हन आणि मॅकोवर यांनी नोंदवला. त्या विषाने ग्लाब्राटा मरते, हेही १९७० च्या दशकातच छापून आलंय.

ग्लाब्राटाच का मरते, यावर मात्र पोस्टरमध्ये जागा खर्च कर. नाव कँडिडा असलं तरी तिचं गोत्र कँडिडा अल्बिकन्स या नेहमीच्या रोगकारक यीस्टचं नाही. ती ब्रेडच्या यीस्टची जवळची नातलग. तुझ्या यीस्टचं के-१ नावाचं विष पेशीभित्तीतल्या बीटा ग्लुकन या साखरेच्या साखळीला चिकटतं, मग पेशीपटलाला भोकं पाडतं. आयन गळतात, पेशी संपते. के-२८ या दुसऱ्या यीस्ट-विषाची चाल वेगळी: ते पेशीत शिरतं, तिच्याच वाहतुकीच्या वाटेने उलटं जातं आणि केंद्रकात डीएनए बनणं थांबवतं. मला ते जास्त कपटी वाटतं, पण ते असो.

प्लेटचा पीएच ४.६ च्या आसपास आणि इन्क्युबेटर २० अंशांवर ठेवला होतास ना? के-१ ला तेच मानवतं. रक्तात पीएच ७.४, शरीर ३७ अंश. तिथे त्याचा निभाव लागत नाही. योनिमार्ग आम्लधर्मी असतो आणि ग्लाब्राटा तिथे त्रास देते, म्हणून आशा वाटते खरी. उष्णतेची अडचण तिथेही उरतेच.

आता कंट्रोल, म्हणजे झोन खरंच विषाचा आहे ना याची तुलनेने पडताळणी. विषाचा जीन यीस्टच्या गुणसूत्रात नसतो, एम नावाच्या आरएनए विषाणूत असतो. तोही परावलंबी, एल-ए विषाणूच्या जिवावर जगतो. सायक्लोहेक्झिमाइडने एम घालवलेला तुझ्याच यीस्टचा स्ट्रेन (वाण) घे. त्याचा झोन दिसता कामा नये. शिवाय तो आपल्याच मूळ स्ट्रेनच्या विषाने मरायला हवा, कारण विष आणि त्यापासूनचं संरक्षण एकाच जीनमधून येतं.

दुसरा कंट्रोल माझ्या फजितीतून आलाय. महिनाभर एका झोनवर मी खूश होतो. मग यीस्ट वाढवून गाळलेलं द्रव उकळून लावलं. उकळल्यावर विष निकामी व्हायला हवं, तरी झोन तेवढाच. विष कसलं, आम्ल होतं ते! तूही उकळून बघ.

दोन्ही प्लेटचे फोटो शुक्रवारपर्यंत पाठव. आणि ॲप्रन घाल. मिथिलीन ब्लूचे डाग निघत नाहीत.

तुझा,
सर