थडगं तर तू उघडून पाहिलंयस

ताई,
मी सव्वीस वर्षांची आहे. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही मालिका सध्या चौथ्यांदा बघतेय. सगळ्या मैत्रिणींना त्यातली नायिका एलेना व्हायचं असतं, मला मात्र दर वेळी वाटतं की मी डेमन आहे, तिचं त्याच्या भावावर, स्टीफनवर, प्रेम असताना तिच्यासाठी झुरणारा व्हॅम्पायर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यावर माझं तीन वर्षांपासून प्रेम आहे. चौदा महिन्यांपूर्वी धीर करून त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू चांगली मैत्रीण आहेस, पण मला तुझ्याबद्दल तसं कधी वाटलं नाही.” आता त्याचं दुसऱ्या मुलीशी जुळलंय. मी खोट्या नावाचं अकाउंट काढून तिला फॉलो करते. तो रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन होता, हे मला पाठ असतं. मधूनच त्याचा ‘तुझ्यामुळे आज प्रेझेंटेशन निभावलं’ असा मेसेज येतो आणि माझा आठवडा त्यावर निघतो. माझ्या टेबलावर राहिलेले त्याचे इअरफोन माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. परत दिले नाहीत. डेमनला शेवटी एलेना मिळालीच ना? मग मी किती थांबायचं? आणि थांबायचं नसेल, तर मालिकेतले व्हॅम्पायर भावनांचं बटण बंद करतात, तसं मी कसं करायचं?
– थांबलेली

प्रिय थांबलेली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा इअरफोनपाशी अडखळले. खोट्या अकाउंटचं तू एका दमात सांगून टाकलंस. इअरफोनचं मात्र तीन शब्दांत आटोपलंस, ‘परत दिले नाहीत’, आणि लगेच विषय बदललास. कुठेतरी काहीतरी चुकतंय, हे तुझं तुला कळलंय. तुला शरमिंदं करायला मी हे लिहीत नाही. पत्र पाठवायला धैर्य लागलं असणार, त्याची मला जाणीव आहे.

मालिका मीही पाहिलीय, आठही सीझन. त्यामुळे तुझ्याच भाषेत बोलते.

किती थांबायचं, असं विचारतेस. मग डेमन किती थांबला ते आधी बघू. १८६४ साली मिस्टिक फॉल्समध्ये कॅथरिन नावाची व्हॅम्पायर साल्वाटोरांच्या घरी राहायला येते आणि डेमन आणि स्टीफन, दोघेही भाऊ तिच्यात गुंततात. गावातले लोक व्हॅम्पायरांना पकडून चर्चमध्ये कोंडतात आणि आग लावतात. एमिली बेनेट या चेटकिणीने कॅथरिनला चर्चखालच्या थडग्यात बंद करून वाचवलंय आणि एक दिवस ते उघडता येईल, या भरवशावर डेमन १४५ वर्षं काढतो. पहिल्या सीझनमध्ये, २०१० साली दाखवलेल्या भागात, थडगं एकदाचं उघडतं. इतकी वर्षं उपाशी राहून ती सुकून गेली असणार म्हणून तो रक्ताची पिशवी घेऊन आत शिरतो. शोध शोध शोधतो. ती नसते. मुळात ती तिथे कधी नव्हतीच. हातातली पिशवी तो भिंतीवर फेकून मारतो. पुढे अ‍ॅना नावाची दुसरी व्हॅम्पायर त्याला सांगते, की तू कुठे आहेस हे कॅथरिनला ठाऊक होतं, तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

हा प्रसंग तुला तोंडपाठ असेल. पण मला वाटतं, तू दर वेळी त्या १४५ वर्षांसाठी रडतेस आणि रिकाम्या थडग्यावरून नजर पुढे नेतेस. डेमनपाशी निदान एक सबब होती. त्याला माहीत नव्हतं. दार मंत्राने बंद होतं. तुझं दार त्या मुलाने स्वतःच्या हाताने उघडून दाखवलं, चौदा महिन्यांपूर्वी. ‘तसं कधी वाटलं नाही.’ त्या वाक्यात ‘सध्या’ नाही, ‘अजून’ नाही. ‘कधी’ आहे. तो तुझ्याशी सरळ वागला गं. सौम्यपणे बोलला, म्हणून तुला त्यात फट दिसली.

त्याच्या सौम्यपणाला फट समजणं ही मात्र एकट्या तुझी चूक नाही, माणसाचं मन असंच चालतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ साली या अवस्थेला ‘लिमरन्स’ असं नाव दिलं. शेकडो लोकांशी बोलून त्यांना दिसलं, की ही ओढ आशा आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणावर जगते. ठाम होकार मिळाला की ती हळूहळू निवते, ठाम नकार मनाने खरोखर स्वीकारला तरी निवते. मधल्या धूसर जागेत मात्र ती वर्षानुवर्षं तगते. तुझा नकार ठाम होता. तो प्रेझेंटेशनचा मेसेज धरून तू त्याला पुन्हा धूसर केलास. सहकाऱ्याने मानलेल्या आभारांवर आठवडा निघतो, याचा अर्थ उरलेले सहा दिवस तू उपाशी असतेस.

मालिकाही अगदी याच इंधनावर चालते. सप्टेंबर २००९ ते मार्च २०१७, १७१ भाग. ‘ती कुणाची होणार’ हे लवकर ठरलं असतं तर आपण बघायचं सोडलं असतं, म्हणून ते ठरू दिलं नाही. आपण प्रेक्षक म्हणून त्या लांबणीवर खूश होतो. तुझ्या आयुष्यात मात्र पुढचा भाग लिहून ठेवलेला नाही. तो मेसेज भागाच्या शेवटी येणारी कलाटणी नव्हता, त्याचं काम झालं आणि त्याने आभार मानले, इतकंच.

आता अकाउंटबद्दल, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे.

त्या मालिकेतला एक नियम आठव. व्हॅम्पायर कितीही ताकदवान असो, राहत्या घराचा उंबरठा त्याला आमंत्रणाशिवाय ओलांडता येत नाही. शतकं जगलेला, एका हाताने मान मोडणारा प्राणी दारात ताटकळतो, कारण आतल्या माणसाने ‘ये’ म्हटलेलं नाही. सगळ्या अमानवी पसाऱ्यात हा मला सर्वांत माणुसकीचा नियम वाटतो. खोट्या नावाने तू ज्या घरात शिरलीस, तिथे तुला कुणी बोलावलं नव्हतं. त्या मुलीने एका अनोळखी नावाला ‘ये’ म्हटलं असेल, तुला नाही. ती काय घालते, कुठे हसते, त्याच्या खांद्यावर कशी टेकते, हे ती तिच्या माणसांना दाखवत होती. ज्या दिवशी तू ते अकाउंट काढलंस, त्या दिवशी तुझं प्रेम संपून पाळत सुरू झाली. हेच एखाद्या पुरुषाने तुझ्या बाबतीत केलं असतं तर तुझ्या अंगावर काटा आला असता. तुझं दुःख खरं आहे, म्हणून तिच्या अंगावरचा काटा खोटा ठरत नाही.

शिवाय त्याने तुझा त्रासच वाढतोय. प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नकार पचवत असलेल्या पंधरा जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या व्यक्तीने सोडलं तिचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूत व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग जागे होत होते. तू रोज रात्री फोन उघडून तेच करतेस, आणि वर विचारतेस की तलफ जात का नाही.

डेमनकडे परत येते. त्याचा जो प्रसंग सगळ्यांना आवडतो तो दुसऱ्या सीझनमधला. एलेनाच्या खोलीत तो तिला तिची लॉकेटची साखळी परत करायला येतो, प्रेमाची कबुली देतो, मी तुझ्या लायकीचा नाही असं म्हणतो, आणि मग वशीकरणाने तिला ते सगळं विसरायला लावतो. त्याच्या गालावरून अश्रू ओघळतो. मीही तिथे रडलेय. पण नीट बघ, तिने काय ऐकलं आणि काय लक्षात ठेवायचं हे तो तिच्या वतीने ठरवून टाकतो. प्रेमाच्या नावाखाली तिच्या मनात हात घालतो. आणि त्याच सीझनचा पहिला भाग? कॅथरिन सांगते, माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं, नेहमी स्टीफनच होता. तो तसाच एलेनाकडे जातो. तीही स्टीफनचंच नाव घेते. त्यावर तो तिच्या डोळ्यांदेखत तिच्या भावाची, जेरेमीची, मान मोडतो. जेरेमीच्या बोटात जादूची अंगठी होती म्हणून तो वाचला, आणि अंगठी लेखकांनी घातलेली होती. अश्रू आपल्या लक्षात राहिला, मान आपण विसरलो. त्या भूमिकेत इयन सोमरहॉल्डरसारखा देखणा नट होता, हे त्यामागचं एक कारण आहे, ते मान्य करू या.

‘शेवटी मिळालीच ना?’ हो, मिळाली. पण कशी, ते आठव. चौथ्या सीझनमध्ये ती त्याच्याकडे आली तेव्हा ती व्हॅम्पायर झालेली होती, आणि ज्याच्या रक्ताने ती व्हॅम्पायर झाली त्याला खूश ठेवायची अदृश्य बेडी, सायर बाँड, तिच्या पायात निघाली. ज्या क्षणाची तो इतकी वाट बघत होता तो हाती आला, आणि हे तिचं प्रेम की रक्ताचा परिणाम, हे त्यालाच कळेना. पुढे काय घडलं ते तुला माहीत आहे. पण तू ज्या ‘मिळण्या’साठी थांबलीयस, त्यात हा प्रश्न कायम असणार. तुझ्या चिकाटीला कंटाळून, कीव येऊन किंवा एखाद्या एकट्या रात्री तो ‘बरं’ म्हणाला, तर ते तुला चालेल का? माझ्या मते तुला ते दोन महिनेसुद्धा पुरणार नाही. तुला निवडलं जायचंय. मागे लागून ते होत नाही.

राहिलं बटण. ते बटण त्या मालिकेतही काम करत नाही. पुढे चौथ्या सीझनमध्ये जेरेमी खरोखर गेल्यावर एलेनाने ते बंद केलं, तेव्हा तिने आपलं घर पेटवून दिलं. आणि जेव्हा ते पुन्हा चालू झालं, तेव्हा अडवून धरलेलं सगळं दुःख एकदम अंगावर आलं. तुला बटण लागतं, कारण चौदा महिने तू रडलीच नाहीस असं मला वाटतं. नकार मिळाल्या दिवशी तू रडायच्या ऐवजी थांबायचं ठरवलंस. थांबणाऱ्याला शोक करायची गरज पडत नाही, कारण त्याच्या लेखी काही संपलेलं नसतं.

तेव्हा आता शोक कर. कुणीतरी गेल्यासारखा. तीन वर्षं तू मनातल्या मनात ज्या माणसाशी बोललीस तो कुणीतरी होताच, फक्त तो तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा नव्हता. डेमनलाही कॅथरिनचाच चेहरा एलेनात दिसला होता ना, एकच चेहरा, दोन वेगळ्या बायका. तुझ्या मनातल्या त्या माणसासाठी पोटभर रड. एका जवळच्या मैत्रिणीला सगळं सांग, अकाउंटसकट. ते वगळून सांगितलंस तर अर्धंच ओझं उतरेल.

अकाउंट आज डिलीट कर. तात्पुरतं बंद नको, कायमचं पुसून टाक. त्या दोघांना माफीचा मेसेज पाठवू नकोस, त्यातून तुझं मन हलकं होईल आणि त्यांच्या मनात भीती शिरेल. त्यांनी कधी विचारलंच, तर खोटं बोलू नकोस. त्याचं ‘लास्ट सीन’ दिसणार नाही अशी सोय फोनमध्ये कर. ऑफिसात कामापुरतं बोल, आणि दुसऱ्या टीममध्ये जाता येत असेल तर मागून घे. त्यात हार नाही. पहिले काही आठवडे वाईट जातील, बरं वाटण्याआधी जास्त दुखेल. झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगायलाच नको असं एकदाही मनात आलं, तर थांबू नकोस, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठ. आणि मालिका पाचव्यांदा बघायची घाई करू नकोस. ती वाईट आहे म्हणून नाही, मलाही ती प्रिय आहे. सध्या तू ती स्वतःविरुद्ध वापरतेयस, म्हणून.

आणि ते इअरफोन. ते परत देण्याच्या निमित्ताने त्याला भेटायचं नाही, हे आधी स्वतःशी पक्कं कर. उद्या सकाळी रिसेप्शनवर ठेव आणि त्याचं नाव सांगून ये. सोबत चिठ्ठी नको. तो येऊन “अगं, कुठे सापडले?” असं विचारेल कदाचित. “माझ्या ड्रॉवरमध्ये होते,” एवढंच सांग आणि कामाला लाग.

– तुझी ताई