एसएनडीटीला ठाकरसींनी दिलेल्या देणगीवरून खरंच वाद झाला होता का?

हो, झाला होता. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला, म्हणजे आजच्या एसएनडीटीला, १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव द्यायचं आणि पुढे मुख्यालय मुंबईत आणायचं, या अटींवर. रक्कम एकदम हातात नाही. वर्षाला ५२,५०० रुपये व्याज मिळायचं. १९२२ मध्ये सर विठ्ठलदास वारले. नंतर त्यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी अटींवर बोट ठेवून ते व्याजच अडवलं. मला हे फार लागतं, कारण मातृभाषेतून शिकणाऱ्या मुलींचं शिक्षण त्या पैशांवर बरंच अवलंबून होतं. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईत आलं.