कोरोनाचे निर्बंध उठून इतके दिवस झाले तरी वडील घराबाहेर पडायला तयार नाहीत. त्यांना कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७३ वर्षांचे आहेत, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आईसोबत राहतात. पूर्वी रोज पहाटे रंकाळा तलावावर फिरायला जायचे, आता दारात भाजीची गाडी आली तरी आईलाच पुढं करतात. आणि पुण्याहून फोनवर 'कोरोना संपला, आता तरी बाहेर पडा' असं सांगून तुम्ही थकलाय.

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. असे आजी-आजोबा मला नेहमी भेटतात. माझा अनुभव असा की बहुतेक घरांत आता कोरोनाची भीती फारशी उरलेली नाही. 'अजून साथ हाय की' हे सांगायला सोपं पडतं, म्हणून ते सांगितलं जातं. खरं कारण त्याच्या आड असतं. ते माणूस आपणहून सांगत नाही, मुलाला तर नाहीच.

सगळ्यात आधी पाय बघा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ६५ वर्षांवरच्यांनी घरातच थांबावं अशी सरकारची सूचना होती. महाराष्ट्रातले सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला. मधली दोन वर्षं बरीच म्हातारी माणसं पलंग, खुर्ची आणि टीव्ही एवढ्यातच होती. सत्तरीत मांडीचे स्नायू बसून राहिलं की भराभर उतरतात आणि परत भरायला बराच वेळ घेतात. मग उठताना हात टेकावा लागतो, जिना उतरताना कठडा सुटत नाही, महाद्वार रोडच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला तर आपण पडणार असं वाटत राहतं. पेठापेठांत तालीम असलेल्या आपल्या गावात हे तोंडानं कबूल करणं किती जड जातं! एक आजोबा मला म्हणाले, "लाल मातीत वाढल्यालं गडी आम्ही. काठी टेकत रंकाळ्यावर गेलो तर लोक काय म्हणतील?" त्यांच्या घरचे मात्र वर्षभर त्यांना लसीची माहिती वाचून दाखवत होते.

पुढच्या वेळी घरी गेलात की एक साधी गोष्ट करून बघा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, वडिलांना हाताची घडी छातीवर घालून पाच वेळा उठायला-बसायला सांगा. तुम्ही शेजारीच उभे राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर आधी पायांवर काम करायला हवं, रंकाळा नंतर. हेच उठणं-बसणं रोज थोडं थोडं, ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि जेवणात डाळ, दूध, अंडी. गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पण पाय बरे असूनही बाहेर न पडणारे बरेच आहेत. त्यांच्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं.

रंकाळ्यावर तुमचे वडील एकटे चालायला जात नसणार. ठरलेला बाक, ठरलेली चार-पाच माणसं, नंतर चहा. त्यातले किती जण आता आहेत, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय? २०२१ च्या दुसऱ्या लाटेनं कोल्हापूरला फार झोडपलं. इतर जिल्ह्यांत साथ उतरू लागली तरी आपल्याकडे जुलैपर्यंत ती हटली नव्हती, आणि त्याच जुलैत पूर आला. आपल्याकडं माणूस गेला की शेजार, भावकी, तालमीतली मंडळी सगळी पंचगंगेवर जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला पुन्हा जमतात. 'सकाळी नऊला रक्षाविसर्जन' एवढा निरोप आला की कामं टाकून जायचं, हे वडिलांच्या पिढीच्या अंगवळणी पडलेलं. त्या काळात अंत्यविधीला २० च माणसं चालत होती, आणि पासष्टीच्या पुढच्यांना तर घरचेच दाराबाहेर सोडत नव्हते. चाळीस वर्षांची मैत्री असलेला माणूस गेल्याचं व्हॉट्सॲपवर कळलं आणि ते तिथंच राहिलं. अशा माणसाला रिकाम्या बाकाकडं जायला सांगताना आपण काय मागतोय याचा विचार करा. एक आजी मैत्रिणीच्या घरावरून जायला लागू नये म्हणून अंबाबाईच्या देवळातच जात नव्हत्या. मंदिरं ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेपासून पुन्हा उघडली होती, त्या तरीही घरीच. शेवटी सुनेनं त्यांना त्या मैत्रिणीच्या घरी नेलं, फोटोपुढं बसवलं, दोघी-तिघी मिळून रडल्या. देवळात जाणं त्यानंतर सुरू झालं. तुमच्या वडिलांचंही असं कुणाच्या घरी भेटायला जायचं राहिलं असेल तर पहिलं पाऊल तिकडंच पडू द्या.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही: लघवी. या वयात प्रोस्टेटमुळं वारंवार जावं लागतं, आणि रस्त्यात लागली तर जायचं कुठं या धास्तीनं पुरुष घर सोडत नाहीत. त्यावर उपचार आहेत. कानाचं तसंच, मोतीबिंदूचंही. लॉकडाऊनमध्ये पुढं ढकललेली कितीतरी ऑपरेशनं तशीच राहून गेली आहेत.

काहींची भीती मात्र खरी असते. दमा, किडनीचा आजार, हाताबाहेर गेलेली शुगर असेल तर 'उगाच घाबरताय' असं म्हणू नका. मास्क लावून, गर्दी नसेल त्या वेळी, उघड्या मैदानात नेलं तरी चालेल. बूस्टर डोस राहिला असेल तर डॉक्टरांना विचारा.

वजन उतरत असेल, झोप उडाली असेल, 'आता जगून काय करायचंय' असं बोलणं ऐकू येत असेल तर मात्र वाट बघू नका. मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

आणि फोनवर 'आज बाहेर गेलात का?' हा प्रश्न बंद करा. तो हजेरीसारखा लागतो. घरी आलात की त्यांच्याशिवाय अडेल असं काम काढा. तुमच्याकडं खात असतील तर रविवारी सकाळी मटणाला सोबत न्या. कुठला तुकडा घ्यायचा हे त्यांनाच ठरवू द्या, आणि जाताना-येताना रिक्षा करा. पहिल्या खेपेला एवढंच पुरे. दुकानदारानं 'काय काका, लई दिवसांनी?' म्हटलं की तुम्ही मधे बोलू नका, उत्तर त्यांना देऊ द्या.