बंदुकीविना संरक्षण : नोकरी की वेड?

प्रश्न : मुलगी एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे. युद्धाच्या भागात हत्याराविना लोकांचं रक्षण करणाऱ्या संस्थेत जायचं म्हणते. हे करिअर आहे का? (एक आई, नांदेड)

उत्तर : ताई, आहे. पगार, करार, रजा, सगळं असतं. यातली ‘नॉनव्हायलंट पीसफोर्स’ २००२ साली हरियाणातल्या सूरजकुंडच्या परिषदेत उभी राहिली; पहिलं काम श्रीलंकेत, पुढे फिलिपाइन्समधलं मिंदानाओ बेट, आफ्रिकेतला दक्षिण सुदान.

दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या विस्थापितांच्या छावणीतल्या बायका सरपणाला बाहेर पडल्या की त्यांच्यावर हल्ले व्हायचे. म्हणून कार्यकर्ते त्यांच्यासोबत जाऊ लागले. अशा कामात चालणं शेवटी येतं. आधी बायकांना विचारायचं : कुठल्या वाटेवर, कुठे धोका? मग त्या वाटेवरच्या सगळ्या गटांच्या म्होरक्यांना भेटून आपण कोण, कशासाठी येतो हे सांगायचं. ओळखू येणारं जॅकेट, हातात रेडिओ, ठरल्या वेळी तळाला खबर. हत्यारी पहारा नाही. हत्यारवाल्यालाही साक्षीदार नको असतो. बातमी वरपर्यंत जाईल हा धाक पुरतो.

नेहमी पुरत नाही. टोळी कुणाचंच ऐकत नसेल तर धाक कुणाचा दाखवणार? तेव्हा फेरी रद्द करावी लागते, आणि तिथे उतावीळ माणूस घात करतो. एकदा जरी सैन्याच्या गाडीत बसलात, तर दुसरी बाजू तुम्हाला त्यांचेच धरते. आणि वही! तक्रारदाराचं नाव-गाव लिहिलेली वही नाक्यावर उघडली गेली की जीव त्याचा जातो, लिहिणाऱ्याचा नाही. म्हणून वहीत फक्त खुणेचे आकडे, नावांची यादी वेगळी.

धोका झाकत नाही. २०१४मध्ये दक्षिण सुदानमधल्याच बोरच्या छावणीवर हल्ला झाला, तेव्हा दोन कार्यकर्ते बायकामुलांसोबत झोपडीत ठाम राहिले. हत्यारबंदांनी बाहेर पडायला सांगूनही हलले नाहीत, आणि झोपडीतले सगळे वाचले. पण त्याच दिवशी छावणीत कित्येक जण मारले गेले.

माझं मत : पदवीनंतर लगेच नको. दोन-तीन वर्षं इथेच विस्थापितांसोबत किंवा दंगलीनंतरच्या पुनर्वसनात काम करू दे. मारामारीच्या तोंडावर आवाज न चढवता बोलता येतं का, ते तिथेच कळतं. सोबत प्रथमोपचार, गिअरची जीप चालवणं आणि एक भाषा : कोलंबियासाठी स्पॅनिश, दक्षिण सुदानची राजधानी जुबासाठी तिथली अरबी. संयुक्त राष्ट्रांच्या ‘युनिटार’ या प्रशिक्षण संस्थेने या विषयावर ऑनलाइन कोर्स चालवला आहे; सध्या प्रवेश सुरू आहे का ते बघा.

मुलाखतीत तिने तीन गोष्टी विचाराव्यात : विमा किती, जखमी झाल्यास विमानाने कोण हलवणार, तळ सोडायचा निर्णय कुणाचा. उत्तर लेखी घ्यावं. आणि नेमणुकीसाठी कुणी पैसे मागितले, तर तो फसवा एजंट समजा.