चार्जर तापतो, लाल दिवा लुकलुकतो

प्रश्न : रात्रीच्या विजेवर उन्हाळी भुईमुगाला पाणी देताना लागणाऱ्या हेडलॅम्पसाठी मी घरीच चार्जर जोडला आहे. ६ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) आणि त्यापुढे टीपी४०५६ (लिथियम सेल चार्ज करणारी आयसी) चे मॉड्यूल, असा क्रम आहे. सेल १८६५० आकाराचा, २२०० एमएएचचा आहे. ट्रान्सफॉर्मर आणि मॉड्यूल फार तापतात, संध्याकाळी गावातील व्होल्टेज १९० पर्यंत उतरले की मॉड्यूलवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि सेल काढून मोजले तर आउटपुट सारखे वरखाली होते. मॉड्यूल खराब आहे का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : मॉड्यूल बदलण्याची घाई करू नये. सेल काढून घेतलेले मोजमाप आधी बाजूला ठेवावे, कारण सेल नसताना टीपी४०५६ ही आयसी पुन्हा पुन्हा चालू-बंद होते आणि तेव्हा आउटपुट हलणे हा दोष नव्हे. खरा रिपल (डीसी व्होल्टेजमधील चढउतार) सेल जोडून, चार्जिंग चालू असताना, ७८०५ च्या आउटपुटवर मोजावा. मल्टिमीटर डीसीवर असेल तर केवळ सरासरी दिसते. म्हणून तो एसीवर ठेवून एका वायरीत डीसी अडवणारा १ मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर घालावा.

आपल्या जोडणीत मूळ अडचण पुरवठ्याची आहे. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर (लाटेतील सर्वाधिक व्होल्टेज) साडेआठ व्होल्टचे असते, त्यातील पावणेदोन व्होल्ट ब्रिज खातो आणि उरलेल्या पावणेसातांवर ७८०५ ला स्थिर ५ व्होल्ट देता येत नाहीत, कारण तिला सुमारे ७ व्होल्ट लागतात. शिवाय १ अँपिअरच्या भाराखाली ४७० चा कपॅसिटर दोन शिखरांमधल्या शतांश सेकंदातच जवळजवळ रिकामा होतो. संध्याकाळी दिवा लुकलुकतो तो यामुळेच. ट्रान्सफॉर्मर तापण्याचे कारणही जवळच आहे : कपॅसिटर भरताना प्रवाह झटक्यांनी येतो, त्यामुळे वेटोळ्यातील प्रवाह डीसी प्रवाहाच्या दीडपटीहून अधिक होतो.

मॉड्यूलची उष्णता मात्र वेगळी. टीपी४०५६ जादा व्होल्टेज उष्णतेतच घालवते. सेल ३ व्होल्टवर असताना (५ − ३) × १ म्हणजे २ वॅट एवढ्याशा चिपमध्ये जिरतात. तिचा प्रवाह ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.४ चा लावल्यास प्रवाह अर्धा अँपिअर होतो आणि उष्णताही निम्मी होते. सेल भरायला पाचेक तास लागतील, पण सेलसाठी ते हिताचेच आहे.

ट्रान्सफॉर्मरच ठेवायचा असेल तर तो ९ व्होल्ट, १ अँपिअरचा घ्यावा, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लावावा आणि ७८०५ ला हीटसिंक द्यावे. मग १९० व्होल्टवरही तिला साडेसात व्होल्ट मिळतात. माझे मत विचाराल तर मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर थेट मॉड्यूलला जोडावा. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या अडॅप्टरला संध्याकाळची घसरण जाणवतही नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि बाजारातील बहुतेक मॉड्यूलमध्ये तापमानाची पिन सर्किटच्या ग्राउंडला (ऋण बाजूला) जोडलेली असल्याने सेल किती तापला हे चिपला कळत नाही. म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग लावू नये. माळवदाच्या घरात, पहाटेच्या गारव्यात लावावे.