वाचकांचे प्रश्न : पैसे पोहोचवणारा साधा फोन

प्रश्न : गरीब देशांचा विकास मोबाइल आणि समाजमाध्यमांमुळे होतो का, यावर आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात बराच वाद झाला. जिथे धड रस्ता नाही, दवाखाना नाही, तिथे फोनचे कौतुक करणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. फोनने रस्ता होत नाही. पण रस्ता वाईट असतानाही गावी पैसे पोहोचवण्याचे काम फोनने होऊ शकते, आणि केनियात ते झाले आहे.

नैरोबीत राबणाऱ्या माणसाला गावाकडच्या आईला पैसे धाडायचे, तर पूर्वी बसचालकाच्या हाती पाकीट द्यावे लागे किंवा ओळखीचे कोणी गावी निघेपर्यंत थांबावे लागे. वाटेत चोरीची धास्ती असे, आणि खेड्यांत बँकेच्या शाखा विरळाच. मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने 'एम-पेसा' सेवा सुरू केली. 'एम' म्हणजे मोबाइल, आणि स्वाहिली या तिथल्या भाषेतला 'पेसा' हा आपलाच पैसा. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर तो शब्द तिकडे गेला आणि तिथलाच झाला.

व्यवहार असा चालतो : ग्राहक कोपऱ्यावरच्या दुकानात ओळखपत्र दाखवून रोख रक्कम देतो, दुकानदार तेवढी रक्कम स्वतःच्या फोनवरील शिलकेतून त्याच्या खात्यावर वळवतो, दोघांच्या फोनवर संदेश येतो आणि वहीत नोंद होते. मग ग्राहक गुप्त क्रमांक टाकून ती रक्कम आईच्या क्रमांकावर पाठवतो आणि ती आपल्या जवळच्या दुकानातून रोख घेते. यासाठी इंटरनेट लागत नाही, बटणांचा साधा फोन पुरतो. माझ्या मते या सेवेचा खरा कणा म्हणजे हे दुकानदार; ते नसते, तर फोनमधल्या आकड्यांची रोकड झालीच नसती.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने 2005 मध्ये या सेवेचा जो प्रयोग झाला, तो मुळात लघुकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी होता. पण लोक त्यातून एकमेकांना पैसे पाठवू लागले, आणि चालकांनी ते पाहून सेवेचा रोखच बदलला. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार या सेवेमुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे देशातील दोन टक्के, दारिद्र्याबाहेर आली, आणि स्त्रिया कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत हा परिणाम अधिक दिसला. आजारपण किंवा नापिकी आली, तर लांबच्या नातलगांची मदत वेळेवर पोहोचू लागली, हे त्यामागचे एक मोठे कारण.

समाजमाध्यमांबाबत मी इतका निःशंक नाही. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, तेव्हा 'उशाहिदी', म्हणजे 'साक्ष', या उपक्रमाने नागरिकांनी कळवलेल्या घटना नकाशावर मांडल्या. 2010 च्या हैतीतील भूकंपातही ती पद्धत कामी आली. उलट म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरूनही पसरला, आणि तो रोखण्यात आपण कमी पडलो, हे त्या कंपनीने 2018 मध्ये मान्य केले.

केनियातही सारे गोड नाही. फोनवर क्षणात कर्ज मिळू लागले आणि अनेक तरुण कर्जात रुतले. असे कर्ज देणाऱ्यांना परवान्याच्या चौकटीत आणणारा कायदा व्हायला 2021 उजाडले.

त्यामुळे दवाखान्याची आपली मागणी मुळीच सोडू नये. आईच्या हाती पैसे वेळेवर आले, तरी गावात औषधच नसेल तर त्या पैशांनी ते मिळणार नाही. मात्र मंडळाच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या भागात येणाऱ्या ऊसतोड मजुरांना एवढे जरूर विचारावे, की गावी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते पैसे कसे पाठवतात आणि ते हाती पडायला त्यांना किती चालावे लागते.