इंटरव्ह्यूला वकील न्यावा का?

प्रश्न: नवरा अमेरिकन सिटिझन आहे, पुढच्या महिन्यात माझा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. वकील सोबत नेला तर ऑफिसरला संशय येईल का?

उत्तर: छे हो, वकील नेणं तुमचा हक्कच आहे, फक्त त्याचा जी-२८ फॉर्म (तो तुमचा वकील असल्याचं कळवणारा) दिलेला हवा. पण उत्तरं तुम्हालाच द्यायचीत, तो शेजारी बसला तरी. त्याच्याकडून आय-४८५ ची, म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जाची, कॉपी घ्या आणि ओळ न् ओळ वाचा, जुना पत्ता किंवा नोकरीची तारीख चुकली असेल तर इंटरव्ह्यूत सुरुवातीलाच सांगून दुरुस्त करता येते. जॉइंट बँक स्टेटमेंट, लीज वगैरे न्याच. आणि आठवत नसेल तर सरळ आठवत नाही म्हणा, उगाच ठोकून देऊ नका, लोक तिथेच फसतात. लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर कार्डही २ वर्षांचंच मिळतं, दचकू नका.